मुलाच्या इजेचा दावा : संस्थेच्या कपाटातले कागद कोर्टापुढे कसे आणायचे

शाळेत, वसतिगृहात, बालगृहात किंवा दवाखान्यात मुलाला इजा झाली, मारहाण झाली, अत्याचार झाला आणि आई-वडिलांनी भरपाईचा दिवाणी दावा लावायचं ठरवलं, की पहिली अडचण पुराव्याची येते. मूल लहान, त्याला तारखा सांगता येत नाहीत. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं, त्या माणसाबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का, मुलाला दवाखान्यात किती वाजता नेलं, हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. पण ते रजिस्टर संस्थेच्या कपाटात असतं आणि संस्था म्हणजेच प्रतिवादी.

यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये अख्खी ऑर्डर ११ (ऑर्डर म्हणजे त्या संहितेतलं नियमांचं एक प्रकरण) आहे. समोरच्याकडे कोणते कागद आहेत ते शपथेवर सांगायला लावणं, ते पाहणं, त्यांच्या नकला घेणं, ही तिची कामं. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडचे पक्षकार मात्र साक्षीपुरावा सुरू झाल्यावर जागे होतात, असं मी वारंवार पाहतो. तोवर वह्या वाळवीने खाल्लेल्या असतात किंवा तसं सांगितलं जातं. म्हणून हा लेख आई-वडिलांसाठी आहे आणि लहानपणी सोसलं, आता अठरा पूर्ण झालेत, अशा तरुण-तरुणींसाठीही. तो घेऊन आपल्या वकिलांसमोर बसा. वकील करायची ऐपत नसेल तर स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये तसं स्पष्ट आहे. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

आधी मुदत पाहा

मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या खालचं, असताना आई किंवा वडील त्याच्या वतीने, ऑर्डर ३२ प्रमाणे, दावा लावू शकतात. तसा लावला नाही तरी हक्क बुडत नाही. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ६ आणि ८ मुळे अठरा पूर्ण झाल्यापासून मुदत धरली जाते. भरपाईच्या बहुतेक दाव्यांना अनुच्छेद ११३ ची तीन वर्षं लागतात, म्हणजे एकविसावा वाढदिवस ही सीमा. पण निर्धास्त राहू नका. प्रतिवादी एखाद्या कायद्याखाली काम करणारा असेल, तर तो अनुच्छेद ७२ पुढे करून एकच वर्ष मुदत होती असा बचाव घेऊ शकतो. सरकारी शाळा, सरकारी वसतिगृह किंवा अंगणवाडी असेल तर दाव्याआधी दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते. ते दोन महिने आधीच हिशेबात धरा.

इथेच कागदांचा पहिला वाद उपटतो : जन्मतारीख. आपल्या भागात मराठी शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, ग्रामपंचायतीच्या कन्नड जन्मनोंदीत दुसरी, आधारवर तिसरी, आणि आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं, हे नेहमीचं आहे. मुदतीचा मुद्दा यावरच फिरतो. दावा लावण्याआधी जन्मनोंदीचा उतारा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. मुदत कायद्याचं कलम १७ सांगतं की हक्क शाबीत करायला लागणारा कागद समोरच्याने लबाडीने दडवला असेल, तर तो कागद हजर करणं किंवा करवून घेणं वादीला शक्य होईपर्यंत मुदत सुरूच होत नाही. संस्थेने चौकशी अहवाल दडवून ठेवला होता हे पुढे उघड झालं, तर हे कलम वकिलांच्या नजरेस आणून द्या.

दाव्याआधी हाती येणारे कागद

कोर्टात न जाताही बरंच मिळतं. दवाखान्यापासून सुरुवात करा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. पूर्ण केसपेपर, नर्सच्या नोंदी, एक्स-रे आणि दाखल करतानाची नोंद मागा. मुलाला कुणी आणलं आणि इजा कशी झाली म्हणून काय सांगितलं, हे दाखल करतानाच लिहिलेलं असतं. ‘पायऱ्यांवरून पडला’ असं संस्थेच्या माणसाने सांगितलेलं वाक्य आणि कैफियतीतला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरातला, बचाव यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतील, तर तो एक कागद पुष्कळ काम करून जातो.

पोलिसांत गुन्हा नोंदला असेल तर एफआयआरची प्रत पीडिताला फुकट मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे, पीडिताचा वकील असेल तर आरोपपत्राचे कागदही मिळतात. पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा, खटला चालू आहे म्हणून दिवाणी दावा थांबवावा लागतो, हा गैरसमज आहे. दोन्ही स्वतंत्रपणे चालू शकतात.

मग माहितीचा अधिकार. यात सीमाभागातली एक मेख आहे. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणजे बेळगावच्या शिक्षण उपनिर्देशकांकडे किंवा खानापूरच्या क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे मराठीत केलेला अर्ज परत येऊ शकतो. तो इंग्रजीत, हिंदीत किंवा कन्नडमध्ये करा. गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरच्या कार्यालयांकडे मराठी चालतं. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. म्हणून तपासणी अहवालांसाठी एक अर्ज आणि तक्रारींसाठी दुसरा. शाळा खासगी विनाअनुदानित असली तरी शिक्षण खात्याला कायद्याने तिच्याकडून जी माहिती मागवता येते ती कलम २(फ) मध्ये बसते. अर्ज शाळेकडे करायचा नाही, खात्याकडे करायचा.

आणि या सगळ्याबरोबर, शक्य तर पहिल्या आठवड्यातच, संस्थेला वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस जाऊ द्या : अमुक तारखांचं सीसीटीव्ही चित्रण, डीव्हीआर (ते चित्रण साठवणारं यंत्र), हजेरी आणि ड्युटीची रजिस्टरं, व्हॉट्सअ‍ॅप गटांवरचे संदेश जसेच्या तसे जपून ठेवा. सीसीटीव्हीवर जुनं पुसून नवं चढत जातं, त्याला थांबायला वेळ नसतो. या नोटिशीनंतर कागद गायब झाले तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायला जागा राहत नाही. पुरावा म्हणून लागणारा कागद हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, हेही नोटिशीत लिहावं. धोका फारच असेल तर दाव्याबरोबरच दिवाणी संहितेच्या ऑर्डर ३९ नियम ७ आणि कलम १५१ खाली डीव्हीआर ताब्यात घेण्याचा अर्ज द्या.

दाव्यावर मुलाचं नाव जाऊ देऊ नका

आजकाल तारखा आणि हुकूम ई-कोर्टवर दिसतात. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव आणि बापाचं नाव एकत्र छापलं गेलं, की मूल कोण ते साऱ्या पंचक्रोशीला कळतं. म्हणून दावा दाखल करतानाच अर्ज द्या : शीर्षकात मुलाची आद्याक्षरं असावीत, वडिलांचं नाव आणि गावही झाकावं, खरी नावं बंद लिफाफ्यात असावीत, आणि मुलाची साक्ष बंद दालनात व्हावी. त्याच संहितेच्या कलम १५३-ब चं परंतुक आणि कलम १५१ यांखाली कोर्टाला हे करता येतं. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६६ च्या नरेश मिरजकर प्रकरणात बंद दालनात सुनावणीचा अधिकार मान्य केला आहे. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सोची कलमं २३ आणि ३३(७) आहेतच.

मुख्य अर्ज : नावानिशी, तारखेनिशी

प्रतिवादीने कैफियत दिली की आधी ती हातात पेन घेऊन वाचा. तिच्यात किंवा तिच्यासोबतच्या शपथपत्रात ज्या कागदाचा उल्लेख आहे, तो दाखवा म्हणून ऑर्डर ११ च्या नियम १५ ची नोटीस, कोर्ट वादाचे मुद्दे काढेपर्यंत, देता येते (पुढे नुसता ‘नियम’ म्हटला की तो याच ऑर्डरचा). तिला कोर्टाची परवानगी लागत नाही. दहा दिवसांत त्यांनी पाहणीची वेळ कळवायची असते. नाही दाखवला, तर सबळ कारण दिल्याशिवाय तो कागद त्यांना स्वतःच्या बाजूने वापरता येत नाही.

उल्लेख नसलेल्या कागदांसाठी नियम १२ चा अर्ज. बेळगावच्या भाषेत आय.ए., म्हणजे चालू दाव्यातला अर्ज, टाकायची. या अर्जाला शपथपत्र जोडणं बंधनकारक नाही, पण जोडावं असं माझं मत आहे. सगळ्यात जास्त अर्ज कुठे पडतात? ‘वसतिगृहाचे सर्व संबंधित कागद हजर करावेत’ या वाक्यावर. समोरचे वकील उठून ‘फिशिंग एन्क्वायरी’, म्हणजे काही सापडतं का म्हणून नुसता गळ टाकणं, असं म्हणतात आणि कोर्ट मान हलवतं. त्याऐवजी असं लिहा. समजा, घटना फेब्रुवारी २०२४ मधली आहे :

१. १ जून २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळातलं मुलांच्या वसतिगृहाचं रात्रीच्या हजेरीचं रजिस्टर.
२. याच काळातलं रात्रपाळीचं ड्युटी रजिस्टर आणि त्या कर्मचाऱ्यांची पगारपत्रकं.
३. आजारी मुलांची नोंदवही आणि बाहेर जाण्या-येण्याची गेटवरची वही.
४. संबंधित कर्मचाऱ्याच्या नेमणुकीची फाइल : अर्ज, पूर्वीच्या संस्थेचं पत्र, पोलीस पडताळणी, मेमो.
५. त्या कर्मचाऱ्याविरुद्ध १ जून २०२० पासून आलेल्या लेखी तक्रारी आणि त्यांवरची कारवाई.
६. घटनेनंतरच्या कार्यकारी मंडळाच्या आणि शाळा सुधारणा समितीच्या बैठकांची इतिवृत्तं.
७. घटनेबद्दल शिक्षण खाते, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा विमा कंपनीला पाठवलेलं पत्र.

प्रत्येकापुढे एक ओळ : हा कागद कोणत्या मुद्द्याला लागतो. पगारपत्रक कशाला, असं विचारतील. ड्युटी रजिस्टर मागाहून नवं लिहिता येतं, पण त्या महिन्यात पगार कुणाला गेला हे बँकेत उमटलेलं असतं. पाचव्या क्रमांकाला सर्वात मोठा विरोध होईल आणि तोच सर्वात मोलाचा आहे, कारण संस्थेला आधीच माहीत होतं का, या प्रश्नावर निष्काळजीपणाचा सगळा दावा उभा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या निकालात सांगितलं आहे की असा मागितलेला कागद पुराव्यात ग्राह्यच असला पाहिजे असं नाही, वादाच्या विषयावर त्याने प्रकाश पडला तरी पुरे. हा निकाल अर्जातच उद्धृत करा.

कागद कुणाकडे आहे हेच कळत नसेल तर नियम १ खाली परवानगी घेऊन लेखी प्रश्न द्या : त्या रात्री कोण कोण हजर होतं, रजिस्टर कोण लिहितं, ते कुठे ठेवतात. दहा दिवसांत शपथेवर उत्तर द्यावं लागतं.

त्यांचं शपथपत्र कसं वाचायचं

हुकूम झाला की प्रतिवादी नियम १३ प्रमाणे, ठरलेल्या नमुन्यात शपथपत्र देतो. त्यात तीन गोष्टी हव्यात : आहेत आणि दाखवायला हरकत नाही ते कागद, आहेत पण हरकत आहे ते, आणि पूर्वी होते पण आता नाहीत ते. तिसऱ्या यादीत कागद शेवटी कधी ताब्यात होता आणि त्याचं पुढे काय झालं, हे लिहावंच लागतं. ‘उपलब्ध नाहीत’ एवढंच लिहिलं असेल तर ते शपथपत्र अपुरं आहे. तसा लेखी आक्षेप घ्या. पावसात भिजले म्हणाले, तर पंचनामा कुठे आहे? रद्दीत दिले म्हणाले, तर ठराव कोणता, तारीख काय? एखादं विशिष्ट रजिस्टर आहे असं तुम्हाला ठामपणे वाटत असेल, तर नियम १९(३) खाली तसं शपथेवर सांगून त्या एकाच रजिस्टराबद्दल त्यांच्याकडून शपथपत्र मागता येतं. त्या वसतिगृहात राहिलेल्या मोठ्या मुलांना विचारा. रात्री सही कुठल्या वहीत व्हायची, ते त्यांना आठवतं.

पाहणी बहुधा समोरच्या वकिलांच्या ऑफिसात होते. घाईने फोटो काढून उठू नका. पानांवर छापील क्रमांक आहेत का, मधला एखादा क्रमांक गळलाय का ते पाहा. शिवणीशी पान फाडल्याची कड बोटाला लागते. घटनेच्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरा दिवसांच्या नोंदी वाचा. रोज वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या तिरकस अक्षरांत केलेल्या नोंदी आणि मध्येच एका आठवड्यात एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच बैठकीत उतरलेल्या ओळी, हा फरक साध्या डोळ्यालाही दिसतो. दिसला, तर तिथेच दोन्ही वकिलांच्या सहीने टिपण करून घ्या आणि मूळ रजिस्टर कोर्टात जमा करण्याचा अर्ज द्या. ऑर्डर २६ नियम १०-अ खाली तज्ज्ञाकडून तपासणी त्यानंतर मागता येते.

हरकती आणि त्यांची उत्तरं

‘इतर मुलांची गोपनीयता.’ ही हरकत खोटी नाही, तिला मान द्या. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं आणि कलम ९९ बाल कल्याण समितीपुढचे अहवाल गोपनीय ठेवतं. पण उत्तर नकाराचं नसतं. नावं काळी करून प्रत द्या, मूळ कोर्टाला बंद लिफाफ्यात द्या, पाहणी फक्त वकिलांनी करावी, असा पर्याय अर्जात आपणच सुचवा. आपलं मूल झाकायचं आणि दुसऱ्याचं उघडं पाडायचं, हे होऊ देऊ नये. कलम ९९ मध्येच समितीला अहवालाचा सारांश मुलाला किंवा पालकांना कळवता येतो, तो स्वतंत्रपणे मागा.

‘वकिलाशी झालेला पत्रव्यवहार.’ त्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण मुख्याध्यापकाने घटनेच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना लिहिलेला अहवाल नंतर वकिलाच्या फाइलमध्ये लावला, म्हणून तो वकिलाचा पत्रव्यवहार होत नाही.

‘सरकारी गोपनीय.’ त्याच अधिनियमाच्या कलम १२९ आणि १३० ची ढाल सरकारी वसतिगृहाकडून पुढे येते. राज नारायण प्रकरणात १९७५ मध्येच ठरलं की अंतिम निर्णय कोर्टाचा. न्यायाधीशांनी कागद स्वतः पाहून ठरवावं, अशी विनंती करा. दावा १ जुलै २०२४ आधीपासून चालू असेल तर १८७२ च्या पुरावा कायद्याची जुनी कलमं लागतात.

‘वसतिगृह दुसरी समिती चालवते.’ नियम १२ ताब्यापुरता थांबत नाही, कागदावर ज्याचा अधिकार चालतो त्यालाही तो लागतो. दोन्हीकडे पदाधिकारी तेच असतील तर नोंदणीचे कागद दाखवा.

सीमेपलीकडचे आणि तिऱ्हाइताकडचे कागद

आपली मुलं शिकायला गडहिंग्लज-कोल्हापूरला जातात, आजारी पडली की मिरजेला. ऑर्डर ११ फक्त पक्षकारांना लागते. दवाखाना किंवा जुनी शाळा दाव्यात पक्षकार नसेल तर ऑर्डर १६ नियम ६ चं समन्स काढा. यात माणसाने साक्षीला उभं राहायची गरज नसते, कागद पाठवला तरी पुरतं. दुसऱ्या राज्यातलं समन्स तिथल्या कोर्टामार्फत बजावलं जातं, वेळ लागतो, म्हणून दोन तारखा आधी अर्ज द्या. फौजदारी खटल्याची फाइल ऑर्डर १३ नियम १० खाली मागवता येते, मात्र नक्कल सहज का मिळत नाही ते शपथेवर सांगावं लागतं.

मराठी कागदांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, आणि मूळ वाचता येईल अशी स्वच्छ प्रतही. आपलं स्वतःचं शपथपत्र कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी ते शब्दन् शब्द मराठीत वाचून घ्या आणि तसं वाचून दाखवल्याची ओळ खाली लिहवून घ्या. उलटतपासणीत आईला ‘हे तुम्हीच लिहिलंय ना?’ असं विचारतात, तेव्हा ती ओळ आधार देते.

सीसीटीव्ही किंवा व्हॉट्सअ‍ॅपची छापील प्रत द्यायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते यंत्र संस्थेकडे असेल आणि ती देत नसेल, तर कोर्टामार्फत मागा. जालन्याच्या निवडणूक वादातल्या अर्जुन खोतकर निकालात २०२० मध्ये ही वाट दाखवलेली आहे.

ते आपल्याकडे मागतील तेव्हा

ऑर्डर ११ दोन्ही बाजूंना लागते. नियम २३ मुळे अज्ञान वादीलाही आणि त्याच्या वतीने दावा लावणाऱ्यालाही. मुलाचे जुने आजार, शाळेचे शेरे, समुपदेशनाच्या नोंदी, मोबाइल, सगळं मागतील. मानसिक त्रासाची भरपाई मागितली असेल तर उपचारांचे कागद पूर्ण नाकारता येत नाहीत. पण मर्यादा घालता येते : ठरावीक काळ, ठरावीक उपचार. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. मुलाने समुपदेशकाजवळ रडत रडत सांगितलेलं शब्दशः कोर्टात फिरू नये, म्हणून निदान आणि उपचारांचा गोषवारा द्यायची तयारी दाखवा आणि मूळ नोंदी हव्याच असतील तर न्यायाधीशांनीच पाहाव्यात असं म्हणा. मोबाइल तर कधीही सबंध देऊ नका. ठरलेल्या तारखांचे संदेश तेवढे द्या.

गावातले वडीलधारे मध्ये पडून ‘कागद परत द्या, मिटवून टाका’ म्हणतील. अज्ञान मुलाच्या दाव्यात ऑर्डर ३२ नियम ७ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही. एवढं सांगून उठा.

हुकूम होऊनही दिलं नाही तर

नियम २१ खाली प्रतिवादीचा बचाव रद्द करता येतो. पण बब्बर सूइंग मशीन प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की हे टोकाचं पाऊल, हेतुपुरस्सर टाळाटाळ असेल तरच. म्हणून प्रत्येक तारखेला मेमो (कोर्टाला लेखी टिपण) द्या, किती वेळा मुदत मागितली ते ऑर्डर शीटवर उमटू द्या. हेतू त्यातूनच दिसतो. तोच नियम वादीलाही लागतो. आपण कागद दिले नाहीत तर दावा फेटाळला जाऊ शकतो आणि त्याच कारणावर पुन्हा लावता येत नाही.

बचाव रद्द झाला नाही तरी हाती काही उरतंच. साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे, देता येणारा पुरावा दिला नाही तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता असं कोर्ट धरू शकतं. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या वादात, गोपाळ कृष्णाजी केतकर निकालात, १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे जाऊन सांगितलं की शाबितीचा बोजा त्याच्यावर नसला तरी ही समजूत त्याला चुकत नाही. मात्र त्यासाठी आपण कागद नेमका मागितला होता आणि त्यांनी दिला नाही, हे नोंदीवर असावं लागतं.

अर्ज फेटाळला तर घाबरू नका. हुकमाची नक्कल त्याच आठवड्यात काढा आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठापुढे जा. तिथे कोर्ट साधारण एकच पाहतं : खालच्या कोर्टाने अधिकार ओलांडला का, किंवा वापरायचा तो वापरलाच नाही का. म्हणून मूळ अर्जातच सातही कागदांपुढे कारणं लिहिलेली असू द्या. वर गेल्यावर नवी कारणं जोडायला सहसा मिळत नाहीत. सगळे कागद नाकारले असतील तर त्यांतले दोन-तीन निवडून, तारखा आणखी आवळून, मुद्दे निघाल्यावर खालच्याच कोर्टात नवा अर्ज देता येतो. नियम १२ खाली ‘आत्ता गरज नाही’ एवढंच कारण देऊन नाकारलं असेल तर हीच वाट स्वस्त पडते आणि लवकर संपते.